तारनाक्यावरील भिजत घोंगडे

संगणकाची जुनी संचालन प्रणाली काढून तिच्या जागी नवी बसवावी की न बसवावी, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु हैदराबादच्या तारनाका या वस्तीतील मराठी कुटुंबांच्या संदर्भात त्याचा विचार केला, तर तो काही अंशी भाषाशास्त्राचा, काही अंशी नाणकशास्त्राचा आणि बऱ्याच अंशी गृहशांतीचा प्रश्न ठरतो. ही वस्ती सिकंदराबादला लागून, उस्मानिया विद्यापीठाच्या सीमेवर आहे. निजामकाळात येथील बागेभोवती काटेरी तारेचे कुंपण व तेथे पहाऱ्याचा नाका होता, त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. तार आणि नाका हे दोन्ही शब्द मराठी कानाला इतके घरचे की, नांदेडहून प्रथमच आलेल्या पाहुण्याला ही जागा ठाण्याच्या तीन हात नाक्याची दूरची नातलग वाटावी. विद्यापीठ, राष्ट्रीय पोषण संस्था, भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि जवळच लालागुड्याची रेल्वे वसाहत, असा हा परिसर असल्याने येथे नोकरीनिमित्त येऊन निवृत्तीनंतरही राहिलेल्या मराठी माणसाच्या घरात भिंतीवर कालनिर्णय, कोपऱ्यात पुस्तकांचे काचेचे कपाट आणि त्याशेजारी क्रोशाच्या रुमालाने झाकलेला संगणक हटकून आढळतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय संगणक हा असला, तरी कालनिर्णयाची साक्षही शेवटी काढावी लागणार आहे.

संचालन प्रणाली, जिला व्यवहारात सारेच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती संगणकाच्या वाड्यातील कारभारी होय. पत्रे लिहिणारा, हिशेब मांडणारा किंवा छायाचित्रे दाखवणारा कार्यक्रम कितीही हुशार असला, तरी त्याला प्रिंटरशी, कळफलकाशी वा साठवणुकीच्या कोठाराशी परस्पर बोलता येत नाही. प्रत्येक अर्ज कारभाऱ्यामार्फतच पुढे जातो, आणि कारभारी ‘बघू’ म्हणाला की पडद्यावर पूर्वी वाळूचे घड्याळ दिसे, हल्ली गोल फिरणारे ठिपके दिसतात. कारभारी बदलण्याची सूचना येते तेव्हा वाड्याच्या मालकाला पहिले आश्चर्य वाटते ते असा कोणी कारभारी आहे याचेच, कारण इतकी वर्षे तो संगणकाला केवळ ‘संगणक’ समजत आलेला असतो. नवा माणूस जुन्यापेक्षा तरबेज असेलही. पण किल्ल्या कोणत्या कोनाड्यात आहेत, विजेच्या बिलाच्या पावत्या कोणत्या ट्रंकेत आहेत आणि ‘नवीन फोल्डर (७)’ या नावाच्या गाठोड्यात काय बांधून ठेवले आहे, हे जुन्यालाच ठाऊक असते, निदान तशी मालकाची श्रद्धा असते. वस्तुतः हे कोणालाच ठाऊक नसते.

ज्या प्रणालीवरून तारनाक्यात सध्या वाद चालू आहे ती विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली. ही विंडोजची शेवटची आवृत्ती आहे, असे त्याच वर्षी तिच्या उत्पादक कंपनीच्या एका प्रतिनिधीने जाहीर कार्यक्रमात सांगितले होते. शिवाय आधीच्या आठ या आकड्यावरून नऊ गाळून कंपनीने थेट दहावर उडी घेतली असल्यामुळे, नव्याचे नऊ दिवस हा सनातन नियम या वस्तूला लागू नाही, असा एखाद्या मराठी गृहस्थाचा समज झाला असल्यास तो क्षम्य मानला पाहिजे. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईच्या ऐन धामधुमीत, विंडोज १० चा पाठिंबा संपला. पाठिंबा संपणे म्हणजे यंत्र बंद पडणे नव्हे. प्रणालीत सापडलेली भोके बुजवण्यासाठी कंपनी दरमहा जी ठिगळे पाठवते, ती येणे बंद होते; वाडा उभाच राहतो, फक्त गवंडी येईनासा होतो. हा फरक सूक्ष्म असल्याने त्याचे दोन टोकांचे अर्थ घरोघर लावले गेले: कुटुंबातील तरुण पिढीने ‘संगणक संपला’ असा लावला, तर ज्येष्ठ पिढीने ‘चालू तर आहे’ असा लावला, आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ एकाच चालू संगणकाकडे बोट दाखवले.

दहावीनंतर अकरावी ओघाने येते, परंतु अकरावीच्या प्रवेशाचा अनुभव असलेल्या कोणत्याही मराठी पालकाला ठाऊक आहे की दहावी उत्तीर्ण होणे आणि अकरावीत जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विंडोज ११ ची गुणवत्ता यादी कडक आहे. किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक यंत्रे पार करतात. घोडे अडते ते पुढे. संगणकाचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो इंटेल कंपनीचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो, आणि आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात जन्मलेली असल्याने त्याआधीची सहावी-सातवी पिढी, कितीही धडधाकट असली, तरी दाराबाहेर राहते. याखेरीज मदरबोर्डावर टीपीएम २.० नावाची सोय लागते. ही यंत्राच्या गुप्त किल्ल्या कुलूपबंद ठेवणारी छोटी तिजोरी असून, संगणक सुरू होताना कोणी कारभाऱ्याचा वेश घेऊन आत शिरत तर नाही ना, हे ताडण्याच्या कामी ती उपयोगी पडते. थोडक्यात, तारेचे कुंपण आणि पहाऱ्याचा नाका यांची पुनःस्थापना झालेली आहे, एवढेच की या वेळी बाहेर राहिलेल्यांत खुद्द तारनाक्याचे रहिवासी आहेत. विशेष म्हणजे कित्येक यंत्रांत ही तिजोरी असूनही कारखान्यातून येताना बंद ठेवलेली असते आणि ती संगणक सुरू होण्याच्या क्षणी एक विशिष्ट कळ दाबून उघडणाऱ्या निळ्या-काळ्या पडद्यावर जाऊन चालू करावी लागते. ती कळ कोणती, हे प्रत्येक कंपनीने वेगळे ठरवले असल्यामुळे त्या क्षणी गृहस्थ सर्वच कळा दाबतो.

या सर्व प्रकाराला एक स्थानिक वेदना आहे. ज्या कंपनीने हा नाका उभारला, तिचे भारतातील विकास केंद्र १९९८ पासून याच शहरात असून त्याचा विस्तीर्ण परिसर गचीबोवलीला आहे, आणि तिचे २०१४ पासूनचे प्रमुख सत्या नडेला हे हैदराबादेत जन्मलेले व बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकलेले आहेत. तारनाक्याच्या मेट्रो स्थानकातून निळ्या मार्गिकेची गाडी धरली, तर ती त्याच दिशेला रायदुर्गपर्यंत नेऊन सोडते. एवढा निकटचा संबंध असताना, ‘आपल्याच गावच्या मुलाने’ आपला २०१६ साली घेतलेला संगणक नाकारावा, हे काही ज्येष्ठांना तांत्रिक निर्णयापेक्षा शेजारधर्माच्या उल्लंघनासारखे वाटते; आणि तक्रार करण्यासाठी मेट्रोने जाता येण्याजोगे अंतर असूनही जाऊन भेटावे कोणाला, हे मात्र कळत नाही, ही या दुःखाची दुसरी बाजू होय.

संगणक दर काही दिवसांनी पडद्यावर चौकट आणून नव्या प्रणालीविषयी विचारणा करतो, तेव्हा तिला दिल्या जाणाऱ्या उत्तराचा भाषिक इतिहास मनोरंजक आहे. हैदराबादच्या दखनी बोलीतील सर्वांत प्रसिद्ध शब्द ‘नक्को’ हा मराठीतील ‘नको’चाच दणकट अवतार असून, ‘अइसाच’, ‘मैंइच’ यांतील जोर देणारा प्रत्ययही मराठीतल्या ‘च’चे देणे मानले जाते. कित्येक शतकांपूर्वी मराठीने दखनीला उसना दिलेला हा नकार आज मराठी गृहस्थाला व्याजासह परत मिळाला आहे, कारण चौकट दिसताक्षणी तो जे उद्गारतो ते ‘नको’ नसून ‘नक्को’ असते, आणि त्या जादा ककारातच त्याचा सारा निर्धार साठवलेला असतो. ‘नंतर आठवण करा’ हे बटण त्याला विशेष प्रिय आहे. हैदराबादेत ‘परसों’ हा शब्द केवळ परवाच्या दिवसापुरता मर्यादित नसून भूतकाळातील कोणत्याही दिवसाला लावता येतो, हे या शहरात चार दिवस राहिलेल्याला ठाऊक असते. संगणकातील महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, शेवटची कधी घेतली, असे विचारले असता ‘परसों’ हेच उत्तर मिळते, आणि शोधाअंती तो परसों २०१९ सालातला निघतो.

नकार देऊनही तो होकार समजला जाण्याचा प्रसंग या गृहस्थावर एकदा आलेला आहे, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. मे २०१६ मध्ये विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांपुढे विंडोज १० मोफत देऊ करणारी चौकट येत असे, आणि कोपऱ्यातील फुली दाबून ती बंद केली, तरी नव्या प्रणालीची ठरलेली वेळ रद्द होत नसे. जगभर ओरड झाल्यावर जूनच्या अखेरीस कंपनीने स्पष्ट नकाराची सोय केली. फुलीचा अर्थ ‘हौ’ असा होतो, ही गोष्ट दखनीतही बसत नाही आणि मराठीतही. तेव्हा संध्याकाळी चहाला उठलेला आणि परतल्यावर नव्या प्रणालीपुढे बसलेला मनुष्य आज प्रत्येक चौकटीकडे लग्नाच्या मध्यस्थाकडे पाहावे तसे पाहतो, यात त्याचा दोष नाही.

दिरंगाईची ही वृत्ती केवळ आळसातून येते, असे मानणाऱ्यांनी या शहराच्या आर्थिक इतिहासाकडे पाहिलेले नसते. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याच्या रुपयाला हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार म्हणत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हा भाव असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले, १९५० मध्ये भारतीय रुपया येथे रीतसर आला, १९५१ मध्ये हाली रुपयाची निर्मिती थांबली; परंतु तो पूर्णपणे रद्द झाला १९५९ मध्ये. म्हणजे जुन्या प्रणालीची विक्री बंद झाल्यावरही तिला आठ वर्षांचा विस्तारित पाठिंबा मिळाला, आणि तोही कोणत्याही तिजोरीची अट न घालता. याच काळात, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, त्यामुळे सुलतान बाजारातील दुकानदाराला हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे ही सर्व मंडळी एकाच गल्ल्यात सांभाळावी लागली असणार. सातास सहा या भावाने भाजीचा हिशेब तोंडी करणाऱ्या पिढीची नातवंडे म्हणजेच हे गृहस्थ होत. दोन प्रणाली एकाच वेळी चालू ठेवता येतात, एवढेच नव्हे तर त्यांतच शहाणपण आहे, हा संस्कार त्यांच्यावर झालेला असल्यास ‘आज रात्री बारा वाजता जुने संपले’ ही भाषा त्यांना उद्धट वाटणारच. नावांच्या बाबतीतही हेच घडते. तारनाक्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९४४ मध्ये संस्थानची मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, १९५६ मध्ये ती प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा झाली आणि १९८९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडी ती अजून ‘आरआरएल’च आहे. तीन दशकांहून अधिक काळ लोटूनही हे अद्यतन त्यांच्या जिभेवर बसलेले नाही.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळले पाहिजे, आणि तो गाभा म्हणजे कुलवृत्तांत होय. निवृत्त मराठी गृहस्थ संगणकावर नेमके काय करतो, याचे निरीक्षण केले असता असे दिसते की पासबुकाचा हिशेब व नातवंडांची छायाचित्रे वगळता त्याचा मुख्य उद्योग घराण्याचा इतिहास लिहिणे हा असतो: मूळ गाव, कुलदैवत, निजामाच्या राज्यात आलेला पहिला पुरुष, आणि त्याच्यापासून डलासमधील पणतूपर्यंतची वंशावळ. हे लेखन त्याने १९९०च्या दशकात सुरू केलेले असते, आणि त्या काळी संगणकावर मराठी उमटवायचे तर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सुरेख यांसारख्या खास अक्षरसंचांचा आधार घ्यावा लागे. या जुन्या पद्धतीची युक्ती अशी होती की रोमन अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या घरांत देवनागरी आकृत्या बिऱ्हाड करून राहत. संगणकाच्या समजुतीप्रमाणे कागदावर रोमन मजकूरच असे, केवळ त्याला देवनागरीचा पोशाख चढवलेला असे. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली, की पोशाख गळून पडतो, आणि सोळा पिढ्यांचे पुण्यश्लोक पूर्वज स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे व अर्धवट कंस यांच्या रूपाने सामोरे येतात.

यावर युनिकोड हा उपाय आहे. त्यात जगातील बहुतेक सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला असून, ‘क’ला ०९१५ हे घर मिळाले आहे व तेथून त्याला कोणी उठवू शकत नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ही सोय विंडोज २००० पासून आली, आणि तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला होता, ही मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, जरी ती सांगताना कोणी ऐकत नाही. पुढे विंडोजने आपल्या पडद्यावरील देवनागरीसाठी निर्मला नावाचा दुसरा संच पुढे केला आणि मंगलची रवानगी ऐच्छिक वस्तूंत झाली. विंडोज १० पासून तो हवा असल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतंत्रपणे मागून घ्यावा लागतो. अक्षरसंचांचे परिवर्तन करून देणारे कार्यक्रमही मिळतात आणि ते बहुतांशी चांगले काम करतात, पण बहुतांशी या शब्दाचा अर्थ कुलवृत्तांताच्या लेखकाला विचारावा: रफार एक घर सरकून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘गोत्र’चे ‘गोञ’ होते, आणि एका काकूंचे माहेर आडनावासकट नाहीसे होते. चारशे पानांचा मजकूर तपासून पुन्हा लावायचा, तर त्यापेक्षा नवीन कुलवृत्तांत लिहिणे सोपे, आणि एका अर्थी नवीन कूळ काढणेही.

त्यातच काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरांना ‘लॉक’ नावाचा एक अंगठ्याएवढा ठोकळा असे. हा ठोकळा संगणकामागील प्रिंटरच्या रुंद खोबणीत खोचल्याशिवाय अक्षरसंच चालत नसे, कारण नकला करणाऱ्यांना आवर घालण्याची तीच व्यवस्था होती. नव्या संगणकांना ती खोबण नसते. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते, आणि या स्वरूपात १६ बिटच्या काळातील कार्यक्रम मुळीच उघडत नाहीत. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण, आणि कारभारी एका वेळी किती कणांचा घास घेतो यावरून ही नावे पडली आहेत. निष्कर्ष असा की तारनाक्यातील एका घराण्याची संपूर्ण वंशावळ काळ्या प्लास्टिकच्या एका ठोकळ्यावर टांगलेली असू शकते, तो ठोकळा एका बंद पडलेल्या पद्धतीच्या खोबणीत बसलेला असू शकतो, आणि ती खोबण ज्या यंत्राला आहे त्या यंत्राला अकरावीत प्रवेश नसतो. ‘बाबा, एवढं साधं अपडेट का करत नाही?’ असे विचारणाऱ्या मुलाला या साखळीची कल्पना नसते, आणि बाबांना ती शब्दांत मांडता येत नाही. म्हणून ते ‘नक्को’ म्हणतात.

सल्लागारांचा विचार या संदर्भात आवश्यक आहे, कारण निर्णय न होण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. पहिला सल्लागार म्हणजे परदेशी असलेला मुलगा, आणि त्याची पद्धत दूरनियंत्रणाची. या पद्धतीत डलासमधील मनुष्य तारनाक्यातील संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर पाहतो व तेथूनच तो चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणे हा वाक्प्रचार मराठीत या तंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे, यावरून पूर्वजांच्या दूरदृष्टीची कल्पना यावी. तेथे शनिवारची रात्र असते तेव्हा येथे रविवारची सकाळ असते, म्हणजे एक पक्ष झोपेला आणि दुसरा इडलीला आलेला असतो. पडद्यावरील एका बाणावर दोन हात पडल्याने तो प्लँचेटच्या वाटीसारखा थरथरतो. ‘बाबा, तुम्ही माऊसला हात लावू नका.’ ‘लावलेलाच नाहीये.’ ‘मग तो हलतोय कसा?’ ‘तूच हलवतोयस ना?’ येथे आतून ‘अहो, त्याला करू दे जरा’ असा आवाज येतो, आणि तो कोणाच्या बाजूने आहे हे दोन्ही खंडांत आपापल्या सोयीने ठरवले जाते.

दुसरा सल्लागार शेजारच्या तेलुगू कुटुंबातील संगणक अभियंता होय. तो हायटेक सिटीत नोकरीला असून अत्यंत अदबीने ‘अंकल’ म्हणतो, आणि लिनक्स बसवावे असे सुचवतो. लिनक्स ही १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने मुक्त केलेल्या गाभ्यावर उभी असलेली मोफत प्रणालींची मोठी शाखा असून, तिची मिंट, उबंटू अशी रूपे जुन्या यंत्रावरही खुशाल चालतात. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचे भारतीय रूपही काढले आहे. सल्ला उत्तम आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्या घरात ब्राउझर, ईमेल आणि व्हिडिओ कॉल एवढाच संगणकाचा उपयोग आहे, तेथे तो ताबडतोब अमलात आणावा. पण गृहस्थ लॉकचा ठोकळा पुढे करतो, अभियंता तो हातात घेऊन पुरातत्त्व खात्याच्या नजरेने न्याहाळतो, आणि चर्चा बथुकम्मा सणाच्या फुलांकडे वळते.

तिसरा सल्लागार सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरात, म्हणजे सगळे ज्याला सीटीसी म्हणतात त्या संगणकबाजारात, भेटतो. त्याच्या परिभाषेत प्रणाली बसवली जात नाही, ती ‘मारली’ जाते. ‘अंकल, विंडोज मार देतूं’ या वाक्याने घाबरण्याचे कारण नाही. मराठीतही शिक्का मारतात, रंगाचा हात मारतात, फॉरमॅट मारतात आणि गप्पाही मारतात. मात्र फॉरमॅट मारणे म्हणजे कोठार रिकामे करून नव्याने सारवणे असल्याने, आतले सामान आधी बाहेर काढले नसेल तर ते गेले, ही एकच गोष्ट तो सांगायला विसरतो. त्याचा दुसरा सल्ला मात्र लाख मोलाचा असतो: फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली वेगवान साठवण, बसवावी आणि स्मृती थोडी वाढवावी. एवढ्याने सात-आठ वर्षांचा संगणक तरुण होतो, आणि आपल्याला नवी प्रणाली नव्हे तर वेग हवा होता, हे पुष्कळांना तेव्हा उमगते.

तथापि, ठिगळे न लावता राहण्यात धोका नाही असा अर्थ कोणी घेऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर लाखो संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून सोडवणुकीचे पैसे मागितले. शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारे ठिगळ कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच, पाठवले होते. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबले होते, त्यांना आठवण अशा रीतीने झाली. त्या वेळी पाठिंबा संपून तीन वर्षे झालेल्या विंडोज एक्सपीसाठीही कंपनीने अपवाद म्हणून ठिगळ दिले. पण अपवादाच्या भरवशावर बँकेचा पासवर्ड ठेवता येत नाही, विशेषतः तो कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहिलेला असताना.

तेव्हा निवाडा असा. ज्याचे यंत्र पात्र आहे त्याने सामानाची दुसरी प्रत काढून अकरावीत जावे. स्टार्टचे बटण डावीकडून मध्यभागी सरकल्याचा शोक आठवडाभरात ओसरतो. ज्याचे यंत्र अपात्र आहे त्याने बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. कुलवृत्तांतवाल्यांनी जुना संगणक इंटरनेटची तार काढून, ठोकळ्यासह, लेखनापुरता चालू ठेवावा आणि नव्या यंत्रावर रोज दोन पाने या गतीने युनिकोडात आणावीत. चारशे पानांना दोनशे दिवस लागतात, आणि हाली सिक्का घालवायला याच्या कितीतरी पट लागले होते.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एक वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. त्यासाठी ३० डॉलर भरावे, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील १००० गुण खर्चावे, किंवा आपल्या खात्यातून संगणकाच्या सेटिंग्जची प्रत कंपनीकडे ठेवू द्यावी म्हणजे ही सेवा फुकट मिळते. तारनाक्यातील मराठी घरांनी यांपैकी कोणता मार्ग निवडला असेल हे सांगण्याची गरज नसावी. या वाढीव वर्षाची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. त्या दिवशी मंगळवार असून नवरात्र चालू असेल. आणि नव्या प्रणालीसारखे मोठे काम साडेतीन मुहूर्तांपैकी एकावरच करायचे, पाटीपूजनाच्या वेळी संगणकाला हळदकुंकू वाहून मग ‘होय’चे बटण दाबायचे, असे कालनिर्णय पाहून ठरले आहे. दसरा २० ऑक्टोबरला आहे.